शिकविणाऱ्याचे शिकणे

(लखनौ येथे इंग्रजीच्या शालेय अध्यापकांसमोर हिंदीतून दिलेल्या व्याख्यानाचे मराठी रूप)



आपल्यासमोर बोलावयास उभे राहताना माझ्या मनात संकोच आहे. आपण इंग्रजीचे अध्यापक आहात. मी एम. ए. केले ते मराठी घेऊन, आणि गेली वीस वर्षे पोटापाण्याचा उद्योग म्हणून अनुवाद करीत आहे. इंग्रजी कशी शिकवावी हे मी आपणांस सांगू लागले, तर ते घाटावरच्या माणसाने कोळ्याला होडी वल्हवावयास शिकविण्यासारखे होईल. तसे मी करणार नाही. परंतु ज्या दोन काठांमधून आपण दररोज मुलांना घेऊन ये-जा करता, त्याच दोन काठांमध्ये माझाही सारा दिवस जातो. त्या वाटेवर पाय कोठे घसरतो, हे मला स्वतःच्या घसरण्यावरून ठाऊक आहे. शिवाय शिक्षकांच्या काही प्रशिक्षणवर्गांत मी मार्गदर्शक म्हणून काम केले आहे, आणि तेथे माझ्या हातून एक चूक घडली आहे. त्या चुकीविषयीही मी आज बोलणार आहे. कारण आजच्या विषयाचे मर्म मला तिच्यातूनच उमगले.

विषय आहे, इंग्रजी ही द्वितीय भाषा म्हणून शिकविणाऱ्या शिक्षकाचा व्यावसायिक विकास. शब्द जड आहेत. साध्या भाषेत सांगावयाचे तर प्रश्न असा, की जो शिकवितो तो स्वतः केव्हा, कोठे आणि कोणाकडून शिकतो?

लखनौला येणाऱ्या मराठी माणसाला एका नावाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मूळचे मुंबईचे आणि व्यवसायाने वकील. १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून या शहरात संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले गेले आणि पुढे त्याला भातखंडे यांचेच नाव मिळाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या त्यांच्या शिष्याने त्या विद्यालयाची धुरा दीर्घकाळ वाहिली. भातखंडे यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो आपल्या प्रश्नाहून फारसा निराळा नव्हता. संगीताची विद्या काही थोड्या घराण्यांत जपली जात होती. तिच्या दारात सामान्य घरातल्या मुलाला सहसा प्रवेश नव्हता. ती विद्या वर्गात, वेळापत्रकानुसार, अनेकांना एकत्र कशी शिकवावयाची? भातखंडे यांनी स्वरलिपी सिद्ध केली, शेकडो बंदिशी मिळवून त्या क्रमिक पुस्तकांच्या मालिकेत छापल्या. परंतु पुस्तके छापून ते थांबले नाहीत. कागदावर स्वर उतरतो, मींड पुरती उतरत नाही, हे गाणाऱ्या प्रत्येकाला कळते. ती कोणाच्या तरी गळ्यातून ऐकावी लागते. म्हणूनच पुस्तकांच्या पाठोपाठ विद्यालय आले, आणि त्या विद्यालयाने नुसते गायक घडविले नाहीत, तर संगीताचे शिक्षकही घडविले.

इंग्रजीच्या बाबतीत आपण बहुधा येथेच चुकत आलो आहोत. आपण पाठ्यपुस्तके बदलली, अभ्यासक्रम बदलले, कोणत्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवावयाची यावर वर्षानुवर्षे वाद घातला. ज्याच्या गळ्यातून मूल ती भाषा प्रथम ऐकणार, त्या शिक्षकाला मात्र आपण गृहीत धरले.

असे नेहमीच नव्हते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्याकडे होते. अरबी भाषेतील सुरस गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणणारे तेच हे कृष्णशास्त्री. शिक्षकांसाठी निघणारे ‘शालापत्रक’ नावाचे मासिक ते चालवीत आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. खेड्यातल्या एकट्या पडलेल्या पंतोजीला महिन्यातून एकदा काही नवे वाचावयास मिळावे, त्याला आपण एका मोठ्या व्यवसायाचे घटक आहोत असे वाटावे, ही त्यामागची दृष्टी होती. एक अनुवादक शिक्षकांच्या महाविद्यालयाचा प्रमुख होता, याचा मला अर्थातच थोडा अभिमान वाटतो. भाषांतर आणि अध्यापन ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही कामांत, आपल्याला जे समजले ते दुसऱ्याला समजेल अशा रीतीने मांडावयाचे असते.

याच विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरी सोडून, टिळक आणि नामजोशी यांच्यासह १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. मराठी गद्याला नवे तेज देणारा लेखक इंग्रजी शाळा काढतो, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. त्या पिढीच्या शिक्षकांजवळ आजच्यासारख्या अध्यापनपदव्या नव्हत्या. परंतु त्यांची स्वतःची इंग्रजी पक्की होती, कारण त्यांचे सारे उच्च शिक्षण त्याच भाषेतून झालेले होते. व्याकरण, पाठांतर आणि भाषांतर ही त्यांची साधने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरविली. ती पद्धत आज आपणांस रुक्ष वाटेल. पण तिचा एक गुण मान्य केला पाहिजे. जी पद्धत शिक्षकाला वापरता येत होती, तीच तो वापरीत होता.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. इंग्रजी ही शिक्षणाचे माध्यम राहिली नाही, ती अनेक विषयांपैकी एक विषय झाली. १९४८ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतात इंग्रजी आठव्या इयत्तेपासून शिकविण्याचे धोरण आले. मातृभाषेला तिचे स्थान मिळावे ही त्यामागील भूमिका होती, आणि मराठीची विद्यार्थिनी म्हणून ती मला परकी वाटत नाही. उत्तर भारतातही इंग्रजीविरोधाची लाट उसळली. १९६७ चे ‘अंग्रेजी हटाओ’ आंदोलन आपल्यांपैकी ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. या धोरणांच्या बऱ्यावाईटपणाची चर्चा मी येथे करीत नाही. परंतु त्यांचा एक परिणाम नजरेआड झाला. जी मुले इंग्रजी कमी वर्षे शिकली, तीच पुढे मोठी होऊन इंग्रजीचे शिक्षक झाली. समाजाने पुन्हा इंग्रजी मागितली तेव्हा पाठ्यपुस्तके महिन्या-दोन महिन्यांत छापून झाली. माणसे तशी छापता येत नाहीत.

ही अडचण काही जाणत्यांनी लवकर ओळखली होती. याच प्रदेशात, तेव्हाच्या अलाहाबाद येथे, १९५६ मध्ये इंग्रजी अध्यापनाची संस्था निघाली. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. १९७२ मध्ये तिच्या नावात विदेशी भाषांचा समावेश झाला आणि २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ बनली. तिचे केंद्र १९७९ मध्ये लखनौला सुरू झाले. बंगळूर व चंदीगड येथे प्रादेशिक संस्था निघाल्या, महाराष्ट्रातही राज्य आंग्लभाषा संस्था आली. या संस्थांनी मोलाचे काम केले. परंतु शिक्षकांची संख्या लाखांच्या घरात, आणि संस्थेच्या वर्गात एका वेळी बसणार फार तर काही डझन. हे गणित कसे सोडवावयाचे?

त्यावर एक उत्तर मद्रास राज्यात १९५०-६० च्या दशकाच्या अखेरीस शोधण्यात आले. प्राथमिक वर्गांना इंग्रजी शिकविणाऱ्या सुमारे २७,००० शिक्षकांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण द्यावयाचे होते. प्रथम थोड्या निवडक शिक्षकांना शिकवावयाचे, त्यांनी आपापल्या भागात इतरांना शिकवावयाचे, त्यांनी आणखी इतरांना. बर्फाचा गोळा उतारावरून घरंगळत मोठा होत जातो, त्या उपमेवरून ही योजना ओळखली गेली. आपल्या देशातील हवामानात ही उपमा थोडी धोक्याची होती! गोळा घरंगळला खरा, पण प्रत्येक टप्प्यावर काही वितळतही गेला.

काय वितळले, ते नीट पाहिले पाहिजे. कारण आजही आपली बहुतेक प्रशिक्षणे याच वाटेने राज्यापासून जिल्ह्यापर्यंत, जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत आणि तेथून केंद्रापर्यंत उतरतात. नव्या पद्धतीत शिक्षकाने कृती करीत बोलावयाचे होते. दाराकडे चालत जावयाचे आणि ‘मी दाराकडे जात आहे’ असे इंग्रजीत म्हणावयाचे. त्यामागील कारण असे, की शब्दाचा अर्थ मुलाला प्रसंगातून कळावा, भाषांतर करून सांगावा लागू नये. पहिल्या टप्प्यावरील शिक्षकाने कृती पाहिली आणि कारणही ऐकले. त्याने पुढच्याला कृती दाखविली, कारण घाईघाईने सांगितले. तिसऱ्या टप्प्यावर केवळ कृती पोहोचली. असे झाले की वर्गात चाळीस मुले शिक्षकाबरोबर ते वाक्य तालासुरात म्हणतात आणि दाराकडे कोणीच जात नाही. घरंगळताना वितळते ते कारण. उरतो तो विधी. मंत्राचा अर्थ विसरून गेलेल्या पुरोहिताप्रमाणे आपण पद्धतीचे पठण करीत राहतो, आणि फळ मिळाले नाही की पद्धतीला बोल लावतो.

दुसरे उत्तर बंगळूरकडून आले. एन. एस. प्रभु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील मोजक्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे घटक क्रमाने शिकविण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे छोटी कोडी ठेवली. रेल्वेचे वेळापत्रक वाचून कोणती गाडी सोयीची ते ठरवा, नकाशा पाहून वाट सांगा, अशा प्रकारची. मुलाचे लक्ष उत्तर शोधण्यात गुंतावे आणि त्या ओघात भाषा रुजावी, अशी त्यामागील कल्पना. प्रयोगाच्या यशापयशाविषयी विद्वानांत मतभेद झाले, ते असोत. मला महत्त्वाचे वाटते ते प्रभु यांनी त्यानंतर शिक्षकाविषयी केलेले चिंतन. कोणतीही एक पद्धत सर्वश्रेष्ठ नाही. शिक्षकाला स्वतःच्या अनुभवातून अमुक केल्याने मूल शिकते अशी जी खात्री पटते, ती जिवंत असेल तर अध्यापन जिवंत राहते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मराठीत या गोष्टीला फार जुना शब्द आहे : प्रचीती. प्रचीती उसनी मिळत नाही, आणि ती परिपत्रकानेही पाठविता येत नाही. मात्र ती बोलून दाखविता येते, दुसऱ्याच्या प्रचीतीशी ताडून पाहता येते, आणि तशी ती पाहिली नाही तर गंजते.

आता मी माझ्या चुकीकडे वळते.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या वर्गात मी भाषेविषयी बोलावयास गेले होते. समोर चाळीसएक शिक्षक होते. एका बाईंना मी पाठ्यपुस्तकातील उतारा मोठ्याने वाचावयास सांगितले. त्यांची नोकरी बावीस वर्षांची होती, माझ्यापेक्षा त्या वयाने वडील होत्या. वाचताना बुधवारचा इंग्रजी शब्द आला आणि त्यांनी तो जसा लिहिला जातो तसाच, ‘वेडनेसडे’ असा उच्चारला. मागच्या रांगेत कोणी तरी हसले. मी त्यांना तेथल्या तेथे थांबवून उच्चार सुधारून दिला, तो दोनदा म्हणवून घेतला आणि स्पेलिंगमधील अनुच्चारित अक्षरांविषयी पाच मिनिटे उत्साहाने बोलले. माझ्या दृष्टीने ते उत्तम मार्गदर्शन होते. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. ताप आला आहे, असे कोणी सांगितले. मी ते खरे मानले, कारण खरे मानणे सोयीचे होते.

पुढे काही महिन्यांनी त्याच भागात जाण्याचा योग आला, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या शाळेत गेले. सहाव्या वर्गावर त्यांचा तास चालू होता. आठवड्याच्या बाजाराचे एक चित्र त्यांनी भिंतीवर लावले होते. प्रथम मुले वऱ्हाडीत सांगत होती, कोण काय विकते, कोण काय घेते, कोणाची आई कोठे बसते. बाई ते ऐकून फळ्यावर एकेक इंग्रजी शब्द लिहीत होत्या. मग त्या शब्दांची जोडी, मग वाक्य. तासाच्या शेवटी एक मुलगी उठली आणि तिने आपली आई कांदे विकते, तिच्याजवळ चार किलो कांदे आहेत, असे दोन वाक्यांत इंग्रजीत सांगितले. त्या दोन वाक्यांत एक चूक होती. बाईंनी ती ऐकली, मान डोलावली आणि तेच वाक्य स्वतः बिनचूक म्हणून पुढे गेल्या. मुलीने खाली बसताना ते ओठांतल्या ओठांत म्हटले. चूक कशी दुरुस्त करावी, हे मला त्या दिवशी समोर दिसले.

तास संपल्यावर त्यांनी मला एक वही दाखविली. ज्या इंग्रजी शब्दाच्या उच्चाराविषयी शंका येई, तो शब्द त्या रात्री कोशात पाहून देवनागरीत टिपून ठेवीत. वही जवळजवळ भरत आली होती. बुधवारही तिच्यात होता. मी दिलगिरी व्यक्त करू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही चूक दाखवली ते बरोबरच होतं. पण त्यानंतर बरेच दिवस मी वर्गात इंग्रजी बोललेच नाही. नुसतं फळ्यावर लिहून द्यायची. चूक सांगायची तर जेवणाच्या सुट्टीत सांगत जा.”

बंधुभगिनींनो, माझ्या पाच मिनिटांच्या विद्वत्तेची किंमत त्या वर्गातील मुलांनी मोजली होती. ज्या मुलांना घरी, गल्लीत, बाजारात कोठेही इंग्रजी ऐकू येत नाही, त्यांच्या कानावर ती पडण्याचा एकमेव झरा म्हणजे त्यांच्या बाई. आणि तो झरा मी काही काळ बुजविला होता. शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाचे शिक्षकावाचून फारसे अडत नाही. त्याला पुस्तके आहेत, शिकवणी आहे, इंग्रजी बोलणारे आप्त आहेत. कांदे विकणाऱ्या बाईच्या मुलीला मात्र शिक्षकाखेरीज कोणी नाही. म्हणून शिक्षकाचा विकास हा केवळ त्याच्या नोकरीपुरता प्रश्न राहत नाही. तो त्या मुलीच्या न्याय्य हक्काचा प्रश्न होतो.

या अनुभवातून मला ज्या गोष्टी शिकावयास मिळाल्या, त्या आपल्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट अशी, की शिक्षकाची भीती ही प्रशिक्षणाची पहिली इयत्ता आहे. आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात आहे. दुधाचे गुण ठाऊक नाहीत, पण वाघिणीचे भय मात्र सर्वांच्या मनात बसले आहे. बहुतेक इंग्रजी शिक्षकांना आपली इंग्रजी अपुरी आहे ही जाणीव मनातल्या मनात टोचत असते आणि तिची वाच्यता करण्याची सोय नसते. गणिताच्या शिक्षकाला गणित येत नाही असे कोणी समजत नाही. इंग्रजीच्या शिक्षकाची परीक्षा मात्र तो तोंड उघडताच सुरू होते. जेथे चूक करण्याची मुभा आहे अशी जागा त्याला मिळाली पाहिजे. ती जागा म्हणजे चार-सहा सहकाऱ्यांचा लहानसा गट. महाराष्ट्रात २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली, तेव्हा जे शिक्षक स्वतः पाचवीपासून ती शिकले होते त्यांच्यावर एकाएकी ही जबाबदारी आली. पुढे २०१६ पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी काही जिल्ह्यांत ‘तेजस’ नावाचा उपक्रम चालविला. त्यात जवळपासच्या शाळांतील शिक्षकांचे गट नियमाने एकत्र येत, इंग्रजीत बोलत आणि वर्गात करून पाहिलेल्या गोष्टी एकमेकांना सांगत. मोठ्या सभागृहातील व्याख्यानापेक्षा मला अशा बैठकीचा भरवसा अधिक वाटतो. हे मी एका सभागृहात व्याख्यान देताना म्हणत आहे, याची मला जाणीव आहे!

दुसरी गोष्ट, मुलाच्या भाषेचे ज्ञान हाही इंग्रजी शिक्षकाच्या विद्येचा भाग आहे. आपल्या भागात मुले शाळेला ‘इस्कूल’ म्हणतात, स्टेशनला ‘इस्टेशन’ म्हणतात. महाराष्ट्रातील मूल असा ‘इ’ सहसा लावीत नाही. ते फार तर ‘ठेसन’ म्हणून मोकळे होते. याला आळस म्हणणे चूक आहे. शब्दाच्या आरंभी ‘स’ आणि दुसरे व्यंजन जोडून आले की एका भाषेची जीभ आधी स्वराचा आधार घेते, दुसरीची घेत नाही. उलटपक्षी, लखनौच्या मुलाला उर्दूच्या तलफ्फुजचा वारसा आहे. प्राणिसंग्रहालयाच्या इंग्रजी शब्दातील आरंभीचा ध्वनी त्याला घरातूनच मिळालेला असतो. जो शिक्षक हे ओळखतो तो मुलाला सांगू शकतो, की तुझ्याजवळ हे आधीच आहे. परकी भाषा शिकणाऱ्या मुलाला याहून मोठा धीर कोणता?

वाक्यरचनेचेही तसेच आहे. ‘मी दोन वर्षांपासून येथे राहतो’ असे आपण हिंदीत आणि मराठीत वर्तमानकाळात म्हणतो, कारण राहणे अजून चालू आहे. इंग्रजी तेथे पूर्ण वर्तमानकाळाचा आधार घेते, कारण ती भाषा आरंभाच्या क्षणापासून आजवरचे अंतर मोजते. म्हणून आपला विद्यार्थी ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ असे म्हणतो. हे वाक्य चुकीचे आहे, पण अडाणी नाही. त्यामागे एका समृद्ध भाषेचा तर्क उभा आहे. इंग्रजीत नामापूर्वी येणारे ‘अ’ आणि ‘द’ आपल्या भाषांत नाहीत; विवक्षित वस्तू कोणती हे आपण शब्दांच्या क्रमाने किंवा ‘तो’, ‘ती’, ‘एक’ अशा शब्दांनी दाखवितो. मला स्वतःला अनुवाद करताना आजही त्या दोन इवल्या शब्दांपाशी थांबावे लागते. असे दहा-वीस भेद शिक्षकाने आपल्या मुलांच्या वह्या तपासताना स्वतः शोधून टिपले, तर ते टिपण कोणत्याही परदेशी ग्रंथापेक्षा त्याच्या अधिक उपयोगी पडेल. वर्गात मातृभाषा वापरावी की नाही, हा वाद मग मागे पडतो. तिचा उपयोग शिडीसारखा करावा. शिडीवरच मुक्काम ठोकू नये.

तिसरी गोष्ट वेळेची. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सेवेच्या दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण प्रत्येक शिक्षकाला मिळावे असे सुचविले होते. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. हे ५० तास आपण बहुधा उन्हाळी सुट्टीतील वर्गांत किंवा भ्रमणध्वनीवरील पाठ पाहून भरून काढतो, प्रमाणपत्र मिळते आणि विषय संपतो. पण ५० तास म्हणजे ३,००० मिनिटे. २०० कामाच्या दिवसांवर ती वाटली तर दिवसाला १५ मिनिटे येतात. गवई सहा दिवसांच्या शिबिरात वर्षभराचा रियाज उरकत नाही. पंधरा मिनिटांत इंग्रजीचे एक पान मोठ्याने वाचता येते, रेडिओवरील बातम्या ऐकता येतात, उद्याच्या तासात आपण काय बोलणार ते एकदा म्हणून पाहता येते, आणि त्या बाईंप्रमाणे वहीत दोन शब्द टिपता येतात. रोजचा असा रियाज असला, म्हणजे शिबिरालाही अर्थ येतो.

याचा अर्थ शासनाने आणि संस्थांनी आपली जबाबदारी शिक्षकाच्या पंधरा मिनिटांवर सोडून द्यावी, असा कोणी करू नये. ज्या शिक्षकाला गणना, निवडणूक आणि नाना प्रकारची माहितीपत्रके भरावयाची आहेत, त्याच्याजवळ ती पंधरा मिनिटे उरू देणे हे प्रशासनाचे काम आहे. शाळेत एक बरा कोश, वाचण्याजोगी चार पुस्तके आणि महिन्यातून एकदा सहकाऱ्याच्या वर्गात बसण्याची सवड, ही मागणी अवास्तव नाही. ती आपण सर्वांनी संघटितपणे केली पाहिजे.

चौथी आणि अखेरची गोष्ट, एकमेकांचे वर्ग पाहण्याची. आपला व्यवसाय विलक्षण एकाकी आहे. वैद्य दुसऱ्या वैद्याचा सल्ला घेतो, वकील दुसऱ्याचा युक्तिवाद न्यायालयात ऐकतो. शिक्षक मात्र दार लावून घेतो आणि तीस वर्षे त्या दारामागे काय घडले हे मुलांखेरीज कोणालाही कळत नाही. तपासणीसाठी कोणी आले तर तो गुण मोजावयास येतो, शिकावयास येत नाही. मी त्या बाईंच्या वर्गात अर्धा तास बसले, तेव्हा जे शिकले ते मला कोणत्याही ग्रंथात सापडले नव्हते. ते मला त्यांच्याकडून शिकता आले, कारण त्या दिवशी माझ्या हातात तपासणीचा कागद नव्हता.

भातखंडे यांच्या नावाने मी आरंभ केला, त्यांच्याकडेच परत येते. बंदिशी गोळा करीत ते देशभर हिंडले. कायद्याचे ज्ञान असलेला, ग्रंथकर्ता म्हणून मान्यता पावलेला हा माणूस प्रौढ वयात रामपूरच्या उस्ताद वझीर खाँ यांचा शिष्य झाला. ज्याला लोक पंडित म्हणत होते, तो दुसऱ्यापुढे विद्यार्थी म्हणून बसला, आणि त्यामुळे त्याच्या पांडित्याला कमीपणा आला नाही. लखनौचे विद्यालय अशा माणसाच्या प्रयत्नांतून उभे राहिले, हे या शहरातील शिक्षकांनी विसरू नये.

आपणांकडे माझी एकच विनंती आहे. सोमवारी शाळा भरेल तेव्हा आपल्या शाळेतील एखाद्या सहकाऱ्याला विचारा, की या आठवड्यात मी तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसू का? आणि त्यानेही आपल्या तासाला यावे असे सांगा. काही चुकले असे वाटले, तर ते जेवणाच्या सुट्टीत बोला.